मामंजींची पायाळू

माझे सासरे जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली, तरी त्यांच्यावरचा माझा राग अजून ताजा आहे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायचं असा आपल्याकडे शिरस्ता आहे. ज्यांना जमतं त्यांनी तो पाळावा.

आमची वाडी डहाणू आणि घोलवडच्या मध्ये, समुद्राला लागून. चिकू, नारळ, थोडा भात, आणि डहाणूच्या बाजारासाठी वांगी, गवार, मिरच्या. वाडीत एक जुनी विहीर होती. पावसाळा सरल्यावर काही महिने तिचं पाणी गोडं असायचं, मग समुद्र आतून सरकायचा. फाल्गुनापर्यंत पाणी इतकं मचूळ व्हायचं की त्यात डाळ शिजत नसे आणि चिकूच्या पानांचे काठ करपायचे. प्यायचं पाणी आम्ही शेजारच्या वाडीतून आणायचो, आणि मामंजींचं खरं दुखणं ते होतं. शेजाऱ्यांची गोडी विहीर कधीकाळी एका पायाळू माणसाने दाखवली होती, असं सगळा गाव सांगायचा.

पायाळू म्हणजे डोक्याऐवजी पायांनी जन्माला आलेलं माणूस. त्याला जमिनीखालचं पाणी कळतं, पुरलेलं धन दिसतं, त्याने पाठीवर लाथ मारली की धरलेली पाठ मोकळी होते, असं तेव्हा घरोघर मानत. मामंजीही मानायचे. त्यात मोठंसं काही नाही, माझे वडीलही मानायचे. पण माझ्या वडिलांनी त्यापायी कुणाचा जीव टांगणीला लावला नसता.

मी लग्न होऊन आले तेव्हा अजून महाराष्ट्र झाला नव्हता. माझं माहेर गंजाडचं. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच होतं. सातव्यात सासरी ओटी भरली, हिरवं लुगडं दिलं, आणि कापणी-झोडणीची गडबड आटोपली की भाऊ गाडी घेऊन न्यायला येणार, असा निरोप गेला. निघायच्या आधी गावातली सुईण पोटाला तेल लावायला आली. गावातली निम्मीअधिक माणसं तिच्या हातावर जन्मली होती. तिने माझ्या बरगड्यांखाली दोन्ही हातांनी चाचपलं, मग ओटीपोटापाशी चाचपलं, आणि सासूबाईंना हळूच म्हणाली, "डोकं वर हाय पोराचं. खाली पाय लागतात."

हळूच म्हणाली, पण मधे कुडाची भिंत. पलीकडे ओट्यावर मामंजी सुपारी कातरत बसले होते. अडकित्त्याचा आवाज थांबला.

त्या दिवसापर्यंत या माणसाने माझ्याकडे नीट बघितलंही नव्हतं. सून म्हणजे चूल, गोठा आणि घागर. त्या संध्याकाळी मात्र त्यांनी मला समोर बोलावलं, पाट दिला, आणि विचारलं, "पाय खाली हायेत म्हणते सुईण. तुला काय वाटतं?"

मला काय वाटणार. खाली लाथा बसायच्या आणि सारखं परसाकडे जावंसं वाटायचं, एवढं मला कळत होतं. मी मान खाली घातली. त्यांनी सुईणीला दुसऱ्या दिवशी परत बोलावून बजावलं, पोटाला तेल लावायचं नाही, चोळायचं नाही, पोर फिरवायचं नाही. आणि सून माहेरी जायची नाही. पायाळू जन्मायचं ते आमच्या जमिनीवर जन्मेल.

भाऊ गाडी घेऊन आला तेव्हा त्याला ओट्यावर बसवून चहा दिला आणि परत पाठवला. माझा भाऊ तसा तोंडाळ, पण बहिणीच्या सासऱ्यापुढे त्याची जीभ वळेना. जाताना तो गाडीत बसून मागे बघत होता. मी दारात उभी होते. माझा नवरा गोठ्यात शेण भरत राहिला. त्याला बापापुढे मान वर करता येत नसे, आणि माझ्यापुढेही त्या दिवसानंतर बरेच दिवस आली नाही.

मग माझे लाड सुरू झाले. घागर उचलायची नाही, वाकून केर काढायचा नाही, उकिडवं बसून भांडी घासायची नाहीत, न जाणो हालचालीनं पोर फिरलं तर. नुसतं उताणं पडून राहायचं. माझ्यासाठी ताडगोळे यायचे, झाईकडून कुणी येणार असलं तर त्याला आंब्याच्या कैऱ्या सांगितल्या जायच्या. गावातल्या बायका म्हणायच्या, काय नशीब काढलंस, असा सासरा मिळायला पुण्य लागतं. मी हसायची. रोज सकाळी तोंड धुवून झालं की मामंजी कुडाच्या पलीकडून विचारायचे, "फिरलं नाय ना?"

देवाला नमस्कार करायच्या आधी हे विचारायचे.

एक दिवस सुईण मामंजींशी बोलत होती. तिने भीतभीत सांगितलं, पहिलटकरीण आहे, वाट अरुंद आहे, पाय येतात पण डोकं मागे अडकलं की कठीण होतं. मी आत उताणी पडून ऐकत होते. मामंजी म्हणाले, "तू पोर नीट काढ. बाईचं काय ते बघू."

बाईचं काय ते बघू. मी तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची असेन. ते शब्द ऐकून मला रडू आलं नाही, इतका राग आला की पोटातलं पोरसुद्धा थांबलं. बराच वेळ हललं नाही. मी पोटावर हात ठेवून त्याला मनातल्या मनात म्हणत होते, हल बाबा, एकदा हल. हललं तेव्हा जिवात जीव आला. त्याच वेळी मी ठरवलं की मी जगले तर या माणसाला सुखानं पाणी पिऊ देणार नाही.

आता सासूबाईंबद्दल सांगायला हवं. त्या घरात त्यांचा आवाज मी क्वचितच ऐकला होता. मामंजींनी हाक मारली की उठायच्या, हाक नसेल तेव्हा कामात असायच्या. आठवड्याच्या बाजाराला भाजीची गाडी घेऊन डहाणूला मात्र त्याच जायच्या, बैल स्वतः हाकायच्या, गुजराती व्यापाऱ्याशी त्याच्या भाषेत भावाची घासाघीस करायच्या. घरी आल्या की पुन्हा मुक्या. मी त्यांना मामंजींचीच सावली समजत होते, आणि त्यांच्यावरही माझा राग होताच.

मामंजी तलासरीकडे विहीर खणणारी माणसं ठरवायला गेले. पोर अजून पोटात, आणि यांना पाथरवट हवे होते. तो बाजाराचा दिवस होता. सासूबाईंनी गाडीत वांग्यांच्या पाट्या भरल्या, वर गवताचा जाड थर टाकला, त्यावर घोंगडी घातली आणि मला म्हणाल्या, "बस वर. बांगड्या भरायच्या राहिल्यात तुझ्या."

नवऱ्याने विचारलं, "बाबांना काय सांगू?" सासूबाई म्हणाल्या, "बांगड्या." त्याने बैलांच्या जोखडाची दोरी घट्ट केली आणि बाजूला झाला. त्याच्या बाजूने मला एवढंच सांगता येईल.

बांगड्यांचं दुकान आलं आणि मागे गेलं. गाडी दवाखान्यासमोर थांबली. तिथे एक डॉक्टरीणबाई होत्या, उंच, चष्मा, बोलायला तुटक. त्यांनी मला टेबलावर झोपवलं आणि पोटावर कर्ण्यासारखी एक नळी ठेवून तिला कान लावला. नाभीच्या खाली ठोके सापडेनात, वर सापडले. मग सासूबाईंना म्हणाल्या, "आतापर्यंत फिरायला हवं होतं. अजून थोडी जागा आहे, आणखी थांबलात तर ती राहणार नाही. हातानं फिरवून बघते. झेपलं नाही तर सोडून देईन, आणि मग बाळंतपणाला इथंच आणायचं. घरी करायचं नाही."

मला विचारलं, "भीती वाटते?" मी म्हटलं, "घरी जास्त वाटते."

टेबलाची पायांकडची बाजू उंच केली, मला गुडघे मुडपायला सांगितले, तोंडानं श्वास सोडायला सांगितलं. एक हात वर बाळाच्या डोक्यावर, एक हात खाली त्याच्या ढुंगणावर. भाकरी थापताना परातीत गोळा फिरवावा तशा त्या हळूहळू फिरवत होत्या, मधेच थांबून नळीला कान लावत होत्या, ठोके मंदावले की हात काढून वाट बघत होत्या. दुखलं. खोटं कशाला सांगू, चांगलंच दुखलं. सासूबाई माझ्या उशाशी उभ्या होत्या आणि त्यांनी माझा दंड इतका गच्च धरला होता की दुसऱ्या दिवशी बोटांचे वळ दिसत होते. एका क्षणी पोटात सगळंच्या सगळं सरकलं, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गेलं." पुन्हा नळी लावली. ठोके आता खालच्या अंगाला होते, आणि चांगले होते.

पोटाला पट्टा बांधून दिला. सांगितलं, रोज हालचालीकडे लक्ष ठेव, कमी वाटली तर बैलगाडी जुंपून तडक ये, उताणं झोपू नको, कुशीवर झोप. परत येताना सासूबाईंनी गाडी थांबवून खरोखरच माझ्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या. वाटेत त्या एकच वाक्य बोलल्या, "पट्टा लुगड्याच्या आत राहू दे."

मी विचारलं, "मामंजींना कळलं तर?"

त्यांनी बैलांना हाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुडाच्या पलीकडून आवाज आला, "फिरलं नाय ना?" त्याच वेळी माझ्या उजव्या बरगडीखाली टाचेचा एक सणसणीत ठोसा बसला. मी म्हटलं, "नाही मामंजी." आयुष्यात इतक्या आनंदानं मी कधी खोटं बोलले नाही. पुढे रोज बोलले. आठवड्यानं सुईण बघायला आली. तिने पोटावर हात ठेवला, माझ्याकडे बघितलं, पट्ट्याकडे बघितलं, मग सासूबाईंकडे बराच वेळ बघत राहिली. आणि बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हाय तसंच हाय."

चैत्रात, भर दुपारी, मुलगी झाली. डोक्यानं आली, सरळ आली, आल्या आल्या रडली. ओट्यावरून मामंजी ओरडत होते, "पाय दिसले का? पाय?" सुईणीने नाळ बांधली. मी म्हटलं, "सांगा, पायाळू आहे म्हणून." सुईण पुन्हा सासूबाईंकडे बघू लागली. त्या पोरीला पुसत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "सांग तसंच."

मामंजींनी गावभर गूळ वाटला. मुलगी झाल्याचं एवढं कौतुक आमच्या आळीत कुणी केलं नसेल.

महाराष्ट्र झाला त्या वर्षी पहिली विहीर खणली. पोरगी तेव्हा तीन वर्षांची. मामंजी तिला खांद्यावर घेऊन वाडीभर फिरले, मग खाली सोडलं आणि मागेमागे चालत राहिले. ती एका जागी थांबली. तिला सुरवंट दिसला होता. मामंजींनी तिथे खुंटी ठोकली. तलासरीची माणसं आली, सुरुंग लावले, काळा दगड फोडून फोडून थकली, आणि तळाशी ओल लागली तीसुद्धा खारट. पुढल्या खेपेला पोरगी थांबली कारण तिला लघवी लागली होती. तीही विहीर खणली. त्यापायी एक बैलजोडी गेली, रस्त्याकडची चिकूची झाडं गेली. तिसरीत पाणी भरपूर लागलं. मामंजींनी ओंजळभर घेऊन तोंडाला लावलं आणि थुंकलं. मी चुलीपाशी बसून पदर तोंडात कोंबून हसत होते. हसता हसता डोळ्यांतून पाणी येत होतं. बाईचं काय ते बघू, नाही का? बघा आता.

विहिरी वाया गेल्या तरी त्यांचा विश्वास ढळला नाही. पोर लहान आहे, जाण यायला वेळ लागेल, म्हणायचे. पाठ धरलेली माणसं चिंचणीहूनसुद्धा यायची, अंगणात पालथी पडायची आणि माझी पोरगी त्यांच्या पाठीवर लाथ मारून पळून जायची. बरेच जण बरेही व्हायचे. आता लोक बरे झाले त्याला मी काय करणार.

मला कुणी विचारलं असतं, की एवढ्यानं तुझं मन भरलं का, तर नाही. मी वाट बघत होते. मामंजी म्हातारे होतील, अंथरुणाला खिळतील, आणि मग एक दिवस मी त्यांच्या कानाशी वाकून सांगेन, अशी माझी योजना होती. ती मी रात्रंदिवस मनात घोळवत असे. पण ते दुखण्याला लागायच्या आधीच तलासरीकडचे दोन जण आले.

एक जमीनदार होता आणि एक मांत्रिक. जमीनदाराच्या पडक्या घराखाली जुनं धन आहे म्हणे, आणि ते पायाळू मुलीलाच दिसणार. अमावास्येला पोरगी न्यायची, डोळ्यांत काजळ घालून बसवायची, दोन दिवसांनी आणून सोडायची. धन निघालं तर मामंजींना तेलाचं इंजिन घेऊन देणार, मोठा पाइप टाकून लांबून गोडं पाणी आणता येईल. मामंजी हो म्हणाले. अंगणात, सकाळच्या उन्हात, चहा पिता पिता. अशा कामाला नेलेल्या पोरांचं काय होतं याच्या गोष्टी आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. मांत्रिक माझ्या आठ वर्षांच्या पोरीला हात लांब कर म्हणत होता आणि तिची बोटं न्याहाळत होता.

माझी योजनाबिजना सगळी विसरून मी अंगणात आले आणि पोरीला मागे ओढलं. म्हटलं, "ही पायाळू नाही. डोक्यानं झालीय."

मामंजी आधी हसले. पाहुण्यांना म्हणाले, "आई हाय. पोर सोडवत नाय तिला." मग माझ्याकडे वळून, "आत जा."

"नाही जाणार. डहाणूला नेऊन पोटातच फिरवली होती. तुम्ही तलासरीला विहिरीची माणसं ठरवायला गेला होता त्या दिवशी. पाच वर्षं तुम्ही तिला सुरवंट दिसेल तिथं विहिरी खणताय."

मला वाटलं होतं, हे बोलल्यावर मला फार बरं वाटेल. बरं वाटलंच. त्यांच्या तोंडाचा रंग उतरला तो मी डोळे भरून बघितला. पण त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही. सासूबाई तिथेच सुपात तांदूळ पाखडत होत्या. मामंजींनी त्यांच्याकडे बोट केलं. "तू होतीस आत. सांग यांना, पाय आले का नाय?"

मामंजींनी त्यांना काही विचारल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. "डोक्यानं आली," त्या म्हणाल्या. "मीच नेली होती गाडीतून."

"का?"

"माझे दोघं पायांनी आले होते. याच्या आधीचे." त्यांनी गोठ्याच्या दारात उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याकडे मान वळवली. त्याला हे ठाऊक नव्हतं, हे त्याच्या तोंडावरून दिसत होतं. "दोन्ही वेळेला सुईण फिरवते म्हणाली, तुम्ही हात लावू दिला नाय. ओट्यावर बसून विचारत होता, पाय दिसले का. पाय दिसले. डोकं नाय आलं."

मांत्रिकाने कप खाली ठेवला. मामंजींनी विचारलं, "पुरलं कुठं त्यांना?"

इतक्या वर्षांत हेही त्यांनी विचारलं नव्हतं. बाळं सुईणीने आणि सासूबाईंनी दोघींनीच पुरली होती, आणि ते त्या वेळी पाय धुवून जेवायला बसले होते.

"वाडीत हायेत," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही खुंटी ठोकायला निघालात की मी दर वेळी मागनं बघायची. तिथं तर ठोकत नाय ना. एकदा हातभर लांब ठोकलीत."

मी चुलीपाशी हसत होते तेव्हा ही बाई मागच्या दारात उभी राहून त्या खुंट्या बघत होती. माझा राग आठ वर्षांचा, आणि मला वाटायचं एवढा राग या घरात दुसऱ्या कुणाला आलाच नसेल. मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी सूप पुन्हा हातात घेतलं होतं.

पाहुणे चहा अर्धा टाकून गेले. मामंजींनी त्यानंतर वाडीत कुदळ लावली नाही. जागा कोणती ते त्यांनी एकदा विचारलं, मग आणखी एकदा विचारलं, दुसऱ्या वेळी तर हात जोडून विचारलं. सासूबाईंनी सांगितलं नाही. सुईणीकडे गेले, तिनेही नाही सांगितलं. मला पुढे सासूबाईंनी एका दुपारी नेऊन दाखवलं, आणि मीही सांगितलं नाही.

पुढची सहा-सात वर्षं मामंजी स्वतःच्या वाडीत चालताना पाऊल टाकायच्या आधी खाली बघायचे. कधी मधेच थांबून वळसा घ्यायचे, कधी उगाच एखादं झाड टाळायचे. मी आणि सासूबाई ओट्यावर भाजी निवडत बसायचो आणि त्यांना चालताना बघायचो.